पेव, पंप आणि शेंगाची चटणी

'वीकेंडला काय केलंस?' या प्रश्नाची उत्तरं हल्ली फार बदललीत. पिक्चर, मॉल, लोणावळा हे सगळं आउट. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने परवा सोमवारी सकाळी, कॉफीचा पहिला घोट घेत, एकदम गंभीर चेहऱ्याने सांगितलं, 'सगळ्या डाळींची हवा काढली.'

ही मुलगी मैंदर्गीची. मैंदर्गी कुठे आलं, असं विचारणाऱ्यांसाठी: जिल्हा सोलापूर, तालुका अक्कलकोट, कर्नाटकच्या हद्दीला अगदी टेकून. नगरपरिषद आहे आमच्याकडे, त्यामुळे गाव म्हणायचं नाही, शहर म्हणायचं, असा तिचा दम असतो. घरात कानडी, शाळेत मराठी, ऑफिसात इंग्लिश आणि भांडताना तिन्ही. तिला खऱ्या नावाने कुणी हाकच मारत नाही, सगळे 'मैंदर्गी'च म्हणतात. तिलाही ते आवडतं.

मैंदर्गी गावाहून परत आली की तिच्या सॅकचं वजन तिच्यापेक्षा जास्त असतं. शेंगाची चटणी, कारळाची चटणी, कडक भाकऱ्यांची चळत, तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ. चार मुलींनी शेअर केलेला पुण्यातला फ्लॅट, फ्रिजमध्ये प्रत्येकीला एकच कप्पा आणि किचनचा ओटा लॅपटॉपएवढा. त्यात पाऊस सुरू झाला की कडक भाकरीचा कडकपणा दोन दिवसांत उतरतो, चटणी महिनाभराने खवट लागायला लागते आणि रव्यात जाळी धरते. आईने पहाटे उठून कुटलेली चटणी डस्टबिनमध्ये टाकताना काय वाटतं, हे घरापासून लांब राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. मग एक दिवस तिने खरेदी केली. झाकणात व्हॉल्व्ह असलेल्या बरण्या, त्यांची हवा ओढणारा छोटा पंप आणि शिवाय पिशव्या सील करायचं मशीन. खोक्यावर लिहिलेलं, 'पदार्थ पाचपट जास्त टिकतो.' पाचपट म्हणजे कशाच्या पाचपट, कुठला पदार्थ, कुठे ठेवून, याचा खोक्यावर पत्ता नाही. पण ते असू दे, त्यावर येऊच.

दिवाळीला ती हे सगळं गावी घेऊन गेली. घरात डेमो झाला. पंप फुर्रफुर्र करून थांबला, झाकण घट्ट बसलं, भाऊ झाकणाला धरून अख्खी बरणी उचलून दाखवायला लागला. अज्जी शांतपणे बघत बसलेली. शेवटी म्हणाली, 'ह्यात नवीन काय हाय ग? पेवच की हे.'

आता पेव हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना फक्त फुटण्यापुरता माहीत. कोचिंग क्लासेसचं पेव फुटलं, कॅफेंचं पेव फुटलं. पण पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. सोलापूर, विजापूर, गुलबर्गा या ज्वारीच्या पट्ट्यात घरोघरी नाही तरी गावोगावी पेवं होती. कानडीत त्याला हगेव म्हणतात. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि खाली मोठ्या रांजणासारखं फुगलेलं पोट. तळाला आणि कडेने कडबा, पेंढा यांचा जाड थर द्यायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगडी फरशी बसवायची आणि वरून माती लिंपून टाकायची. झालं! ना पंप, ना व्हॉल्व्ह, ना वॉरंटी कार्ड. अशा पेवात ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. दुष्काळी मुलुखात ही चैन नव्हती. एक साल पिकलं तर पुढची दोन सालं पिकेलच याचा भरवसा नसायचा, त्यामुळे पेव म्हणजे घराचा इन्शुरन्स. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. दुष्काळात बादशाही धान्याची कोठारं त्यांनी उपाशी लोकांसाठी खुली केली, ती गोष्ट. साठवलेलं धान्य या भागात इतकं मोलाचं होतं, की ते वाटून टाकणारा माणूस संत झाला.

पण पेवाचा फंडा काय? धान्य जिवंत असतं. दाणा श्वास घेतो, त्यात लपलेले किडे घेतात, बुरशी घेते. तोंड लिंपून टाकलं की आतला ऑक्सिजन हळूहळू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. ऑक्सिजन अगदी दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेला की किडे गुदमरून मरतात. दाणा मात्र झोपी गेल्यासारखा पडून राहतो. म्हणजे हवा बाहेर ओढून काढायची गरजच नाही. किड्यांनीच ती खाऊन संपवायची आणि स्वतःच मरायचं. यापेक्षा स्वस्त पेस्ट कंट्रोल ऐकलाय?

आणि हे म्युझियममध्ये ठेवायचं ज्ञान नाही बरं का. अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळीतल्या भुंग्यांवर काम सुरू केलं आणि त्यातून तीन थरांची पिशवी आली. आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, प्रत्येक तोंड वेगळं आवळून बांधायचं. औषध नाही, पावडर नाही. लाखो शेतकरी ती वापरतात. तत्त्व? अज्जी म्हणाली तेच.

अज्जीने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर माणसाने उतरायचं नाही. न थांबता उतरलेली माणसं आतच गेल्याच्या गोष्टी त्या सगळ्या पट्ट्यात सांगितल्या जातात. जी 'हवा नसणं' ज्वारी वाचवतं, तेच माणूस मारतं. कशासाठी बंद केलंय आणि आत काय चाललंय, हे ठाऊक असल्याशिवाय पेवाशी खेळायचं नाही. बरणीचंही तेच आहे. पण खोक्यावर अज्जी नसते.

तर आधी पंपाकडे बघू. आपल्या डोक्यावर हवेचा जो ढीग आहे, त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. एरवी तो जाणवत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब असतो. बरणीतली हवा काढली की आतला दाब कमी होतो आणि बाहेरचा झाकणावर बसतो. ८ सेंटिमीटर व्यासाचं झाकण धरा. क्षेत्रफळ झालं ५० चौरस सेंटिमीटर. पंपाने तीन चतुर्थांश हवा काढली तरी झाकणावर ३५-४० किलोंचं ओझं आलं! म्हणून ते हाताने निघत नाही आणि म्हणून त्याला हवा सोडायचा व्हॉल्व्ह असतो. १६५० च्या दशकात जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले, तरी ते सुटेनात. तुमच्या ओट्यावरची तुरीची डाळ त्याच खानदानातली आहे. (यावरून एक सूचना: तडा गेलेली किंवा पातळ काचेची, चौकोनी बाटली या कामाला वापरू नका. आत फुटते. आणि साध्या प्लास्टिकचा डबा पोटात लाथ बसल्यासारखा चेपतो.)

पण हिशोबाची दुसरी बाजूही बघा. तीन चतुर्थांश हवा काढली म्हणजे एक चतुर्थांश आत आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे साधारण ५ टक्क्यांच्या तोडीचा ऑक्सिजन अजून शिल्लक. किड्यांना गुदमरवायला घरगुती पंप नेहमी पुरतोच असं नाही. बंद केलेल्या रव्यात महिन्याभराने सोंडे फिरताना दिसले तर पंपाला शिव्या देऊ नका. अंडी आधीपासूनच आत होती. त्याला सोपा उपाय आहे. आणलेला रवा, मैदा, डाळीचं पीठ पिशवीत घट्ट बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. मग बाहेर काढून, पिशवी न उघडता, पूर्ण रूम टेम्परेचरला येऊ द्या. थंड असतानाच उघडली तर हवेतलं बाष्प पिठावर बसतं आणि केलेल्या कामावर अक्षरशः पाणी. त्यानंतर बरणीत भरून हवा काढा.

आता मैंदर्गीच्या सॅकमधले दोन स्टार. चटणी आणि भाकरी. दोघींचे शत्रू वेगवेगळे आहेत आणि गंमत तिथेच आहे.

शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. अख्खा दाणा सालीत असतो तोवर ते तेल झाकलेलं असतं. तो भाजला, साल काढली, उखळात कुटला की सगळं तेल उघड्यावर येतं आणि हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर तुटून पडतो. आपण ज्याला खवट म्हणतो तो वास या भांडणाचा. ऊब आणि उजेड मिळाला की भांडण अजून जोरात. म्हणून शेंगाची चटणी हे व्हॅक्यूम बरणीचं सगळ्यात लायक गिऱ्हाईक आहे. हवा काढायची, बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवायची, गॅसशेजारी नाही. मोठ्या बरणीऐवजी दोन-तीन छोट्या करा, कारण रोज उघडून रोज हवा काढणं म्हणजे रोज नवी हवा आत घेणं. आणि चमचा कोरडा. हे आईने सांगितलेलं असतंच, मी फक्त री ओढतेय.

मात्र दाणे मुळात चांगले हवेत. दमट जागी पडलेल्या शेंगांवर एक बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत या विषाचा शोध लागला. हवा काढली की बुरशीची पुढची वाढ रोखली जाईल, पण जे विष तयार झालंय ते कुठेही जात नाही. भाजूनही सगळं जात नाही. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा निवडून फेकायचा. एक पंप पाच मिनिटांच्या निवडण्याची जागा घेऊ शकत नाही.

कडक भाकरीची तऱ्हाच वेगळी. तिच्यात तेल जवळपास नाही. पाणी तर तव्यावर आणि नंतर निखाऱ्याच्या उबेला बसून आधीच उडून गेलेलं. तिला ऑक्सिजनचं सोयरसुतक नाही, तिचा एकच वैरी म्हणजे ओलावा. म्हणजे तिला पंपाची गरजच नाही, रबराची चांगली रिंग असलेला हवाबंद डबा पुरे. पण मैंदर्गीने उत्साहाच्या भरात काय करावं? भाकऱ्या पिशवीत घालून मशीनने सील केल्या! आता वीस सेंटिमीटरची भाकरी म्हणजे तीनशेच्या वर चौरस सेंटिमीटर. लावा हिशोब. तिच्यावर दोनशे किलोंच्या पुढे ओझं. सगळ्यांच्या समोर कर्र्रकन आवाज आला आणि अज्जी म्हणाली, 'बरं झालं, कुस्करायचं काम वाचलं.' पिशवी मऊ असते, ती हवेबरोबर आत ओढली जाते. बरणी ताठ उभी राहते. भाकरी, चिवडा, चकली, पापड असलं काही असेल तर पिशवीच्या वाटेला जायचं नाही.

ज्वारीच्या पिठाबद्दल एकच. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेने तडे जातात. गेलेली विरी कुठल्याच पंपाने परत येत नाही. कमी दळून आणा.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग मैंदर्गीने तिचा मास्टरप्लॅन सांगितला. आईच्या हातची भरली वांगी! दर पंधरवड्याला गावाहून येणाऱ्या कुणातरी ओळखीच्याबरोबर भरली वांगी मागवायची. आई गरम असतानाच बरणीत भरून हवा काढणार, गाडीत फ्रिज लागणार नाही, इथे आल्यावर कपाटात ठेवायची आणि आठवडाभर डब्याला न्यायची. हळूहळू ऑफिसातल्या दहा जणांना विकायचीही. नाव ठरलेलं, स्टिकरचं डिझाइनही तयार. सगळे एकसाथ 'सही!' म्हणाले.

सही नाही. धोकादायक आहे. आणि कशामुळे ते कळायला दोनशे वर्षं मागे पॅरिसला जावं लागेल.

निकोला आपेर नावाचा एक मिठाईवाला होता. त्याने पदार्थ काचेच्या बाटलीत भरायचे, बूच घट्ट मारायचं आणि ती बाटली तासन्‌तास उकळत्या पाण्यात ठेवायची, अशी पद्धत बसवली. पदार्थ महिनोन्‌महिने टिकायला लागले. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२ हजार फ्रँक बक्षीस दिलं. पण ते टिकतात का? गे-ल्युसाक या मोठ्या केमिस्टने बाटलीतली हवा तपासली. तिच्यात ऑक्सिजन सापडला नाही. झालं, निष्कर्ष निघाला की ऑक्सिजन नाही म्हणून अन्न नासत नाही! पुढची पन्नास वर्षं शहाणीसुरती माणसं हेच धरून चालली. १८६० च्या दशकात लुई पाश्चरने दाखवून दिलं की अन्न नासवतात ते सूक्ष्मजीव, आणि बाटली टिकते ती उकळण्याने ते मेल्यामुळे. हवा नसणं हा खरा नायक नव्हताच, तो बाजूला उभा होता एवढंच. आपण आज व्हॅक्यूम बरणी बघून 'हवा नाही, म्हणजे खराब होणार नाही' म्हणतो तेव्हा पाश्चरच्या आधीच्या जमान्यात जाऊन बसतो.

कारण सूक्ष्मजीवांत एक मंडळ असं आहे, ज्यांना हवा नसलेलीच जागा लागते. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. मातीत राहतो, म्हणजे वांगं, लसूण, बटाटा यांच्याबरोबर सहज घरात येतो. एरवी तो बीजाणूच्या रूपात, कवचात गप्प पडून असतो. ही कवचं उकळत्या पाण्यात कितीतरी तास तग धरतात. वांग्याच्या रश्शात बाकीचे बहुतेक जीवाणू मरतात आणि हा उरतो. मग आपण त्याला काय देतो? ओलावा, तेल-मसाल्यात कमी आंबटपणा, सोलापूरचा उन्हाळा आणि वर हवासुद्धा काढून देतो. एवढी सरबराई झाल्यावर तो कवचाबाहेर येऊन विष तयार करतो. या विषाला ना वास, ना रंग, ना चव. आपली सगळ्यांची जी सवय, 'जरा चाखून बघते, आंबली असेल तर टाकते', ती इथे उपयोगाची तर नाहीच, उलट घातक आहे. नेहमीची भाजी नासली की हवेत वाढणारे जीवाणू वास सोडून आपल्याला सावध तरी करतात. हवा काढून आपण त्या वॉचमनलाच सुट्टी देतो.

असं रोज होत नाही, मान्य. पण झालं तर नजर धूसर होते, पापण्या गळतात, जीभ जड होते, गिळता येत नाही आणि पुढे श्वासाचे स्नायूच थांबू शकतात. अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय नाही, थेट हॉस्पिटल.

मग कपाटात महिनोन्‌महिने राहणारी ती रेडी-टू-ईट पनीर आणि राजम्याची पाकिटं? ती कशी चालतात? बरोबर प्रश्न. ती फक्त हवा काढलेली नसतात. सीलबंद केल्यावर त्यांना दाबाखाली साधारण १२१ अंशांची वाफ देतात, पदार्थाच्या अगदी मधोमध ती उष्णता पोचेपर्यंत. त्या तापमानाला कवचंही मरतात. म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने, डीएफआरएलने, सैनिकांसाठी हे तंत्र विकसित केलं आणि तिथून ते एमटीआरसारख्या कंपन्यांकडे आलं. प्रत्येक पदार्थाचा, प्रत्येक पाकिटाच्या जाडीचा वेळ त्यात मोजून ठरवलेला असतो. 'आमच्या कुकरात चार शिट्ट्या देईन की' म्हणून ते घरी जमत नाही.

मैंदर्गीचं तोंड उतरलं. पण प्लॅन मेला नाही, त्याने पत्ता बदलला. भरली वांगी लवकर थंड करायची, पिशवीत भरायची, हवा काढायची आणि सरळ फ्रीझरमध्ये. इथे मात्र मशीन फुल पैसे वसूल करून देतं. हवा नसली की बर्फाचे कण साचत नाहीत, पदार्थ चामट आणि कोरडा पडत नाही, चव राहते. गोठवलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फाबरोबर येतात. खायच्या आदल्या रात्री पिशवीचं तोंड उघडायचं आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. विकायचा विषय तूर्त बंद. स्टिकर चटणीच्या बरण्यांवर लागलेत.

फ्रिजमध्ये ठेवलेल्या शिजवलेल्या अन्नालाही, व्हॅक्यूम असो वा नसो, तीन-चार दिवसांचीच मुदत धरा. आणि फ्रिजबाहेर? एरवी दोन तास, कडक उन्हाळ्यात एकच. त्या तासाचा हिशोब बरणी बदलत नाही.

आता लसूण. कारण लसूण म्हटलं की आपल्याकडे कुणीच थांबत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये तेलात बुडवलेला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता. तिथे खाल्लेल्या तीसहून जास्त लोकांना बोट्युलिझम झाला. तेल म्हणजे दुसरं काय, पातळ झाकणच! त्याने हवा अडते. म्हणून सोललेला लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवायचा नाही, आणि ओल्या मिरचीचा, लसणाचा ठेचा वर तेल ओतून बाहेर ठेवायचा नाही. दोन्ही फ्रिजमध्ये, आणि थोडंथोडंच करायचं.

'मग लोणचं? त्यावर तर आज्जी तेलाचा थर देतेच!' देतेच, आणि बरोबर देते. कैरीचा, लिंबाचा आंबटपणा आणि मीठ यांत बोट्युलिनम वाढूच शकत नाही. त्याला वाढायला पीएच ४.६ च्या वर लागतो, आणि कैरी-लिंबू त्याच्या बरंच खाली. लोणच्यावरचं तेल बुरशीला हवा मिळू नये म्हणून असतं. शेंगाच्या चटणीतला लसूणही थोडा, आणि त्याचं पाणी कोरड्या कुटात मुरून जातं. जीवाणूला वाढायला पाणीच उरत नाही. पण कुणी मिक्सरला पाणी घालून ओली चटणी वाटली असेल, तर ती चटणी नव्हे, ती भाजी समजा. तिला भाजीचेच नियम.

थोड्या बारीकसारीक गोष्टी. इडलीचं पीठ हवा काढून ठेवू नका. ते स्वतःच गॅस सोडतं आणि पहाटे तीनला झाकण उडवतं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली कच्च्या असताना असाच गॅस सोडतात. बरणीत जळती मेणबत्ती ठेवून झाकण लावण्याचा जुगाडही सोडा. ज्योत विझते तेव्हा साधारण १६ टक्के ऑक्सिजन आत शिल्लक असतो, म्हणजे २१ वरून फार तर पाच टक्के खाल्ला आणि चटणीला मेणाचा वास लागला तो बोनस. ऑक्सिजन खरंच संपवायचा असेल तर लोखंडाच्या भुकटीच्या छोट्या पुड्या मिळतात. त्या आत गंजतात आणि गंजताना ऑक्सिजन खातात. चपलेच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी ती नव्हे. ती फक्त ओलावा शोषते, भाकरीच्या डब्यात मात्र ती शोभते. अर्थात खाण्याच्या दर्जाची, चपलेची नाही.

हवा काढलेली बरणी दुसऱ्या दिवशी उघडून बघा. 'फुस्स' आवाज आला तर रात्रभर धरलं. आलाच नाही, तर दहापैकी नऊ वेळा दोष रिंगचा असतो. चटणीच्या तेलाचा एक ओघळ, डाळीचा एक कण, आणि खेळ खल्लास. रिंग काढून गरम पाणी-साबणाने धुवायची, सावलीत पूर्ण सुकवायची, मगच बसवायची. काठ पुसताना ओलं फडकं नको, कोरडं. आणि ओल्या पदार्थाच्या बरणीचं झाकण आपणहून फुगलेलं किंवा सुटलेलं दिसलं, तर हुंगायचं नाही, चाखायचं नाही, सरळ बांधून टाकून द्यायचं.